भांडार शाखेत, म्हणजे सरकारी कार्यालयाच्या खरेदी विभागात, नव्याने रुजू झालात? आधी बाजार फिरून या

जेम (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल), एल-1 (सर्वांत कमी दर देणारा), दरपत्रक हे शब्द पहिल्या आठवड्यातच कानावर पडतात, शिकायलाही फार दिवस लागत नाहीत. छळतो तो अंदाजित दर, म्हणजे निविदेआधी आपण ठरवायची वस्तूची अपेक्षित किंमत.

मी रुजू झालो तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्यांची एक जुनी फाईल माझ्या गळ्यात पडली. ऑडिटचा आक्षेप होता: अंदाजित दर कशाच्या आधारे ठरवला? फायलीत तीन दरपत्रकं होती. लेटरहेड तीन, सह्याही तीन. पण जीएसटी क्रमांक नीट वाचायला शिका. तो 15 अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन दरपत्रकांवर ही दहा अक्षरं तंतोतंत सारखी, फरक होता तो पुढे, तेराव्या अक्षरात. म्हणजे मालक एकच, नोंदण्या दोन. तिसऱ्याचा पॅन वेगळा होता, पण जीएसटी पोर्टलवर पत्ता काढला तर गाळा तोच! आक्षेपाला उत्तर देता देता माझा जीव मेटाकुटीला आला.

हे कसं घडतं ते सांगतो. पुरवठादार चहा पिता पिता म्हणतो, "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, तिन्ही मीच आणून देतो." त्याच्याच कागदांवरून अंदाज निघतो. मग निविदेत त्याचाच दर 'अंदाजाच्या आत' बसतो आणि सगळे निर्धास्त सह्या करतात. तांत्रिक तपशीलही त्याच्याच ब्रोशरमधून उचललेला असतो. त्यात एखादं माप असं, की दुसऱ्या कुणाचा माल बसूच नये.

केंद्राच्या कार्यालयांना जीएफआर 2017 (सर्वसाधारण वित्तीय नियम) मधला नियम 155 आहे. स्थानिक खरेदी समितीचे तीन सदस्य बाजार पाहून दर, दर्जा, पुरवठादार तपासतात आणि 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या' खात्री असल्याचा दाखला देतात. वैयक्तिकरीत्या, बरं का! बदली झाली तरी सही तिथंच राहते. राज्याच्या कार्यालयांनी उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची नियमपुस्तिका आणि नंतरच्या सुधारणा पाहाव्यात.

घाबरू नका, काम सोपं आहे. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक दुपार काढा. दर जीएसटीसह की वगळून, जोडणी कोणाची, वॉरंटी किती, जुन्या बॅटऱ्यांचे किती वजा करणार, हे प्रत्येक दुकानात त्याच क्रमाने विचारा आणि तारखेसह तिथंच लिहून घ्या. शिशामुळे जुन्या बॅटरीलाही चांगली किंमत येते. ती सोडून केलेली तुलना फसवी. जेमवरचा दरही बाजाराशी ताडून पाहा.

'मागची फाईल बघून कर' म्हणणाऱ्या वरिष्ठांना नमस्कार करावा आणि विद्युत शाखेतल्या वायरमनला गाठावं. कोणती बॅटरी दोन उन्हाळ्यांत बंद पडते ते त्यालाच ठाऊक. व्हॉट्सॲपवर फिरणारे बाजार सर्वेक्षणाचे तयार नमुने मात्र उघडूसुद्धा नका.

आणि हे सगळं दिवाळीनंतर लगेच उरका. मार्चमध्ये निधी परत जाईल ही तुमची धास्ती दुकानदारालाही माहीत असते, आणि तो दर तसाच सांगतो.