सारंगखेड्याला पंचकल्याणी घोडा नेताय? मग पायांची तयारी अशी करा

दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळ आला की फोन सुरू होतात, दादा पाय पिवळे पडलेत, उद्या निघायचंय, काय लावू? आता उद्याच निघायचंय तर काय सांगणार, पावडर चोपडा आणि देवाचं नाव घ्या. पांढरे पाय हे आदल्या आठवड्याचं काम आहे, मेळ्याच्या सकाळचं नाही.

तापीकाठच्या या बाजारात मारवाडी, काठेवाडी, पांढराशुभ्र नुकरा सगळं येतं. पण चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असा पंचकल्याणी, अंगाने कुमैत (लालसर तपकिरी, आयाळ-शेपटी काळी) किंवा काळा, उभा असला की माणूस हमखास थांबतो, आणि थांबला की त्याची नजर आधी खाली जाते. खाली लिदीचे डाग दिसले तर पुढे रेवाल म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी चाल दाखवा नाहीतर नाचवा, पहिलं मत खराब झालेलं असतं.

तर आधी जागा. डाग पडतो तो रात्री, घोडा लीद-मुतात बसला की, आणि मुताचा पिवळेपणा केसात मुरला की कुठलाही शाम्पू एका धुण्यात तो काढत नाही. म्हणून निदान आठवडाभर आधीपासून झोपायच्या वेळी लीद उचला, ओला पेंढा काढून कोरडा टाका, सढळ हाताने टाका. नालबंदालाही याच आठवड्यात बोलवा, शेवटच्या दिवशी नाल ठोकून घोडा जपून पाय टाकायला लागला तर सगळी मेहनत पाण्यात.

केस कापायचे ते चार-पाच दिवस आधी, म्हणजे कापल्याच्या रेघा तोवर मिटतात. मशीन केसांच्या दिशेने वरून खाली फिरवा, उलटं नको. पांढऱ्या केसाखालची कातडी गुलाबी असते, फार बारीक कापलं की पाय पांढरा न दिसता गुलाबी दिसतो, आणि पांढरं जिथे संपतं तिथे कापल्याची पायरी दिसली तर आणखीच वाईट. मशीन नसेल तर कंगवा आणि कात्री, घोट्यामागचे लांब केस आणि खुराच्या काठावरचे केस एवढंच साफ केलं तरी पाय निम्मा उजळतो.

कापताना खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा आहे तिथे बोट फिरवून बघाच. पांढऱ्या पायांना तिथे ओल राहून खपल्या धरायची खोड जास्त असते. खपली दिसली तर नखाने ओरबाडू नका, पाय सुजलाय का गरम लागतोय का बघा आणि डॉक्टरला दाखवा, शोभेच्या नादात त्यावर पावडर थापू नका.

धुणं आदल्या दिवशी, दुपारच्या उन्हात. डिसेंबरात खानदेशात दिवसा ऊन असलं तरी अंधार पडला की गारठा पडतो, संध्याकाळी धुतलेले पाय रात्रभर ओले राहतात आणि मग त्या खपल्या. काळ्या मातीतला घोडा असेल तर आधी वाळलेला चिखल कोरड्या ब्रशने झाडून घ्या, त्यावर पाणी ओतलंत की सगळा लगदा होऊन केसात बसतो. आधी अंग धुवा मग पाय, कारण अंगावरचा मळ ओघळून पायावरच येतो. लोखंडी खरारा गुडघ्याखाली लावू नका, तिथे नुसतं हाड आणि शिरा (म्हणजे कंडरा), मऊ ब्रश किंवा सरळ हाताने चोळा.

कोमट पाणी, घोड्याचा शाम्पू, फेस करून पाचेक मिनिटं तसाच राहू द्या पण वाळू देऊ नका. हट्टी पिवळ्या डागाला पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावून बघा, जखम किंवा खपली असेल तिथे मात्र नाही. जांभळा शाम्पू चालतो पण बाटलीवर दिलाय तेवढाच वेळ, नाहीतर भर मेळ्यात जांभळट पायाचा घोडा घेऊन उभे राहाल. नीळ वापरणारेही आहेत, बादलीत दोन-तीन थेंबांच्या वर गेलात तर तेच होणार. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण अजिबात नको, कातडी कोरडी पडते आणि घोडा पाय आपटत बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळा आणि टॉवेलने, विशेषतः त्या मागच्या खळग्यात, पूर्ण कोरडं करा.

हे सगळं करताना पायाच्या बाजूला उकिडवं बसायचं, मांडी घालून किंवा गुडघे टेकून नाही, म्हणजे झटकन उठता येतं. मागच्या पायाला जायच्या आधी पुठ्ठ्यावरून (कमरेमागच्या मांसल भागावरून) हात खाली सरकवत न्या म्हणजे त्याला कळतं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात, साहेबाचं तुम्ही बघा, घोड्याचं मी सांगतो.

रात्री पाय स्वच्छ राहावेत म्हणून पट्ट्या बांधतात, पण पाय पूर्ण सुकल्यावरच आणि खाली कापसाचा जाड थर देऊन. गुंडाळायची समोरून बाहेरच्या बाजूने मागे, सारख्या ताणाने, वरच्या काठात बोट सहज जायला हवं. घट्ट पट्टीने शिरेला कायमची इजा होऊ शकते, म्हणून बांधता येत नसेल तर सोडून द्या, कोरडा पेंढा दुप्पट टाका. आणि पट्टी पांढरीच घ्या! लाल पट्टी, पायातले रंगीत लोकरीचे गोंडे हे सगळं दहिवरात ओलं झालं की रंग सोडतं, सकाळी पाय गुलाबी.

सकाळी ओल्या फडक्याने डाग टिपा, सुकू द्या, मग कॉर्नफ्लॉवर केसात उलट दिशेने चोळून सुलट ब्रशने जादाचं झाडा. गडद केसांवर उडालेलं फडक्याने पुसा, पांढऱ्याची कड स्वच्छ दिसली पाहिजे. खूर सगळ्यात शेवटी. पांढऱ्या पायाचा खूर बहुधा फिकट असतो, त्याला काळं पॉलिश फासू नका, केसाला लागलं की निघत नाही. पातळ खोबरेल पुरे, तेही रिंगणात जायच्या तोंडावर, आधी लावलंत तर बाजारातली सगळी धूळ खुराला.

पण पावडर फक्त स्पर्धेपुरती. घोडा विकायला उभा असेल तर माझ्या मते नकोच, कारण जाणता गिऱ्हाईक केसांचे भोवरे बघतो, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) शोधतो, दात उघडतो आणि ओल्या हाताने पायही चोळतो. हाताला पांढरं लागलं की त्याला वाटतं खाली व्रण नाहीतर खपली लपवलीय, मग तुम्ही कितीही शपथा घ्या. रंग लावून पाय पांढरे करणं ही तर उघड फसवणूक झाली.

रिंगणातून बाहेर आल्यावर पावडर झाडून टाका, घाम धरून तिचा चिकटा होतो. गाडीत चढवण्याआधी तो मागचा खळगा परत एकदा बोटाने बघा, ओला लागला तर आधी कोरडा करा.