आशाताईंचं प्रशिक्षण फोनवरून घ्यायचं असेल तर

मी गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातले डोंगरातले पाडे माझ्याकडे आहेत. गटातल्या सगळ्या आशा एकत्र भेटतात त्या फक्त महिन्याच्या बैठकीत, त्यामुळे मधल्या काळातलं शिकवणं फोनवरच चालतं. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचंय, त्यांच्यासाठी लिहिते.

आधी विषयांची वाटणी करा. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाने घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला द्यायच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. एवढं व्हॉइस मेसेजवर पाठ होतं. बाळ गुंडाळणं, आईला नीट पाजायला बसवणं हे होत नाही, ते बैठकीसाठी राखून ठेवा. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने उभी केली आणि त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथं गावातल्याच बायका हातानं करून करून शिकल्या होत्या. त्यामुळे 'आता सगळंच ऑनलाइन उरकू' असं वरून कुणी म्हणालं, तर जमणार नाही म्हणून सांगा.

कॉल लसीकरणाच्या दिवशी ठेवू नका, बाजाराच्या दिवशीही नको. व्हिडिओ मात्र बाजाराच्याच दिवशी पाठवा. बायका धडगावला आल्या की रेंज मिळते, तिथं डाउनलोड करतात आणि घरी निवांत बघतात. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच हवा. रिचार्ज कोण करणार हे सुरू करण्याआधी विचारून घ्या, नाहीतर तो आशांच्याच पदरचा जातो.

फोनवरून सगळ्यात चांगलं काय शिकवता येत असेल तर बाळाचा श्वास मोजणं. आईला विचारून, चेहरा न दाखवता, शांत झोपलेल्या बाळाच्या उघड्या छातीपोटाचा मिनिटभराहून थोडा जास्त व्हिडिओ काढा. तो समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासोबत बसून पुन्हा पुन्हा मोजा, आकडा पक्का करा, मगच पाठवा. सोबत लिहा : उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, मला एकटीला पाठवायचं. ग्रुपवर पहिलीने ५२ लिहिलं की पुढच्या सगळ्यांचे ५२च येतात!

आकडे आले की नीट बघा. एखादीचा आकडा दर वेळी समच येत असेल, तर ती अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतेय असं समजा आणि तिला फोन लावा. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. चार-सहा श्वास भरभर, मग जरा थांबा, पुन्हा भरभर. अर्ध्या मिनिटात नेमका भरभरचा तुकडा सापडला तर चांगलं बाळ आजारी ठरतं, थांब्याचा सापडला तर उलटं. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले, तर पुन्हा एक पूर्ण मिनिट.

वजनकाट्यासाठी बाळ लागत नाही. झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग तीत एक-एक किलोच्या मिठाच्या दोन बंद पिशव्या ठेवायच्या आणि डोळ्यांच्या रेषेत फोन धरून फोटो पाठवायचा. दोन किलो दिसले नाहीत तर काटा बिघडलाय किंवा शून्य चुकलंय. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, तिथं पाव किलोची गफलतही महागात पडते.

भाषेचंही बघा. व्हिडिओ पुस्तकी मराठीत असतात आणि घरात सासू पावरी, म्हणजे इथली आदिवासी बोली, बोलते. मी दर विषयानंतर एका आशेला तोच मुद्दा पावरीतून, सासूला सांगतेय अशा थाटात, व्हॉइस मेसेजवर सांगायला लावते. दुसरी सासू होते आणि आडवे प्रश्न विचारते. यात त्या इतक्या रंगतात की कॉल आवरावा लागतो. कुणाला कळलंय आणि कुणी नुसतं 'हो ताई' म्हणतंय, तेही इथंच समजतं. प्रशिक्षणाच्या अॅपवर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मी फार विसंबत नाही. पुढे-पुढे दाबायला घरातली पोरंही असतात.

उसासाठी गुजरातला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात. त्यांच्यातल्या गरोदर बायका आणि लहान बाळांची यादी, धोक्याच्या खुणांची उजळणी, हे त्याआधी उरकून घ्या.

आणि पहिल्याच दिवशी एक नियम सांगून ठेवा. खऱ्या बाळाचा श्वास दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आला, बाळ दूध ओढेना किंवा गार पडलं, तर ग्रुपवर लिहीत बसायचं नाही. १०८ लावायचा, आरोग्यसेविकेला कळवायचं, आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचं.