गावकरीबद्दल लिहिताय? या चुका टाळा

गोव्यातल्या एखाद्या गावाचा जुना इतिहास लिहायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हमखास एक वाक्य येतं: 'पूर्वी गावाची जमीन सगळ्यांच्या मालकीची होती.' तिथेच गाडी घसरते. गावकरीत, म्हणजे गावची जमीन सांभाळणाऱ्या आणि पुढे पोर्तुगिजांच्या काळात 'कोमुनिदाद' झालेल्या व्यवस्थेत, जमीन गावकरांची होती. गावात राहणाऱ्या प्रत्येकाची नव्हे. गावकर म्हणजे गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वंशज. ही घराणी वांगडांत, म्हणजे कुळांच्या गटांत विभागलेली, आणि हक्क बापाकडून मुलाकडे जाणारा. न्हावी, कुंभार, देवळाचे सेवेकरी यांना चाकरीपोटी जमिनीचा तुकडा मिळे, पण बैठकीत आवाज नसे. या व्यवस्थेचं 'प्राचीन समाजवाद' म्हणून कौतुक करणं मला तरी पटत नाही. हिस्सेदारांची मंडळी म्हणा, जास्त खरं ठरेल.

हिस्सा म्हणजे प्रत्येकाच्या नावचं शेत, असंही समजू नका. भातशेतं साधारणपणे तीन-तीन वर्षांसाठी पावणीला, म्हणजे लिलावाला निघत. त्या पैशातून आधी सरकारचा सारा, मग बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च. शिल्लक राहिली तर गावकरांना जोण, म्हणजे त्या शिलकीतला वाटा. जोण कोणत्या वयापासून मिळे, हे गावागणिक वेगळं असे. शेजारच्या गावचा नियम उचलून आपल्या गावाला चिकटवू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेताकडे बघून बांध विसरण्याची. गोव्याच्या तिसवाडी किंवा सासष्टी तालुक्यातली खाजनं ही खाडीकडून हिसकावलेली जमीन. चिखल, पेंढा आणि जांभा दगड घालून बांध उभा केलेला, बाहेरच्या अंगाला लाटा अडवायला कांदळवन, आणि बांधात मानस. मानसीचं लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. पावसाने मीठ धुऊन निघालं की खारं सोसणारं कोरगूट भात पेरायचं. मानसीवर मासे धरायचा हक्कही लिलावातच जाई. आता पेच बघा: भातवाल्याला खारं पाणी बाहेर हवं, मासेवाल्याला आत. बांधाला एक भगदाड पडलं तर एकाचं नव्हे, अख्ख्या खाजनाचं पीक जातं. म्हणून तर ही जमीन सामायिक राहिली. तुमच्या लिखाणात हा पेच नसेल तर गावकर एकत्र का बसत, हे वाचकाला कळणारच नाही.

'सामायिक ते उजाड होणारच' हे गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाचं 1968 सालचं सूत्र इथे जोडायचा मोह होतो. पण त्याच्या उदाहरणातलं कुरण कोणालाही मोकळं होतं. गावकरीला सभासद होते, हिशेब होता, लिहायला कुलकर्णी होता. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाने तर 1517 मध्येच ठरवलं होतं, की हिवाळाभर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडायच्या.

साल लिहितानाही सांभाळा. 1526 च्या फोरालमुळे, म्हणजे पोर्तुगीज सनदेमुळे, गावकरी सुरू झाली, हे चूक. अफोंसो मेशिया या खजिन्याच्या अधिकाऱ्याने आधीपासूनच्या चालीरीती त्यात नोंदवून घेतल्या. हेतू महसुलाचा होता, त्यामुळे कर भरपूर आणि रोजचं जगणं कमी दिसतं. शिवाय तो मजकूर तिसवाडीचा. पेडणे, सत्तरी, काणकोण हे भाग पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकात आले. तिथल्या गावांना तो सरसकट लावता येत नाही.

आणि जुन्या कागदांत गाव सापडतच नसेल, तर आधी नाव तपासा. सांताक्रूझ शोधत असाल तर काळापूर बघा, ओल्ड गोवा असेल तर एला, आणि करमळी पोर्तुगीज कागदांत 'कारांबोलिम' म्हणून बसलेली असते.