अंगणातल्या झाडाच्या क्वार्टर सॉन फळ्या : या चुका टाळा

अंगणातलं झाड पाडलं की एवढं चांगलं लाकूड जळणात कशाला घालवायचं, असं वाटतंच. वाटणं रास्त आहे. पण क्वार्टर सॉन फळ्यांच्या बाबतीत बरंचसं नुकसान करवत सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं, आणि उरलेलं पुढे सुकवताना थप्पीत होतं. प्रत्यक्ष चिरताना होणाऱ्या चुका त्यामानाने मोजक्या.

क्वार्टर सॉन फळीत वर्षवलयं रुंद बाजूला काटकोनात, निदान 60 अंशांपेक्षा जास्त कोनात उभी असतात. सुकताना लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मगजाकडून (खोडाच्या मधोमधच्या गाभ्याकडून) सालीकडच्या दिशेने आकसतं. व्हाइट ओकची 200 मिमी रुंद ओली फळी फर्निचरच्या कोरडेपणाला आली, की साध्या पद्धतीने चिरलेली असेल तर 15 मिमीच्या आसपास अरुंद होते, क्वार्टर सॉन असेल तर 8 मिमीच्या आसपास. खटाटोप करायचा तो यासाठी.

ओंडका न बघताच हट्ट धरणे

60 सेंमी व्यासाचा ओंडका घ्या. त्रिज्या 30 सेंमी. त्यातून साल आणि बाहेरचं कच्चं लाकूड चार-पाच सेंमी गेलं, मगजाजवळचे तीनेक सेंमी गेले. सगळ्यात रुंद फळी उरली 22 सेंमीची, पुढच्या सगळ्या त्याहून अरुंद. हाच हिशेब 30 सेंमीच्या ओंडक्याला लावला तर हातात पट्ट्याच येतात. अशा ओंडक्याच्या सरळ एकापाठोपाठ एक फळ्या पाडा. मधल्या एक-दोन फळ्या मगजाच्या दोन्ही बाजूंना आपोआप क्वार्टर सॉन निघतात. तेवढ्यावर समाधान माना.

जातही बघा. ओक, सिल्व्हर ओक, बीच यांत मगजाकडून सालीकडे जाणारे किरण जाड असतात, म्हणून फळीवर चमकदार ठिपके-पट्टे उमटतात. ज्या लाकडात हे किरण बारीक असतात, तिथे त्या नक्षीची वाट बघू नका. सरळ रेषा आणि कमी हालचाल एवढाच फायदा.

सालीवरच्या रेषा खोडाभोवती पिळलेल्या दिसत असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं आहे. त्याच्या फळ्या कितीही नीट पाडा, सुकताना पीळ घेणारच. फांदीचं किंवा कललेल्या खोडाचं लाकूडही असंच दगा देतं, कारण झाडाने स्वतःला सावरताना त्यात ताण साठवलेला असतो. मगज एका बाजूला सरकलेला दिसला की ओळखा. आणि गाठी असलेला भाग क्वार्टर सॉनसाठी सर्वांत वाईट : साध्या फळीवर जी गाठ गोल ठिपका म्हणून दिसते, ती इथे खिळ्यासारखी फळीभर आडवी पसरते आणि फळी नेमकी तिथेच मोडते.

लोखंड विसरणे

जंगलातल्या झाडात सहसा काही नसतं. अंगणातल्या झाडात मात्र झोपाळ्याचा हूक, कपड्यांच्या दोरीचे खिळे, कुंपणाची तार, सगळं असतं. झाड ते गिळून टाकतं आणि वरून काही दिसत नाही. अनेक मिलवाले अंगणातलं झाड म्हटलं की नाही म्हणतात, किंवा पातं तुटलं तर खर्च तुमचा, असं आधीच बजावतात. त्यांचं चुकत नाही.

ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून चाला; लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून हा रंग धरतं. हातातला मेटल डिटेक्टर पृष्ठभागापासून थोड्याच खोलीपर्यंत पकडतो. म्हणून ओंडका एकदा तपासून भागत नाही, प्रत्येक मोठा काप उघडल्यावर पुन्हा फिरवा. जमिनीपासून पुरुषभर उंचीचा भाग विशेष बारकाईने. ओल्या फळ्या लोखंडी टेबलावर ठेवल्या तरी असेच डाग पडतात. वरवरचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, खोल गेलेले निघत नाहीत.

तोंडं उघडी ठेवणे

लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी झपाट्याने उडतं, आणि तिथूनच भेगा सुरू होतात. झाड पाडल्या दिवशीच दोन्ही तोंडांना मेणाचं इमल्शन किंवा जाडसर ऑइलपेंट लावा. आठवड्याने लावलेला पेंट म्हणजे भेगांवरचा रंग. लांबीला दोन्हीकडे मिळून 10-15 सेंमी जास्त धरा.

चतकोर करताना

क्वार्टर सॉनसाठी ओंडका आधी लांबीत चार भागांत, म्हणजे चतकोरांत चिरतात. त्याआधी दोन्ही तोंडांवर मगजाचा बिंदू खडूने ठळक करा. ओंडका एका टोकाला बारीक असतो, त्यामुळे नुसता आडवा ठेवला तर मगज तिरका राहतो आणि एका टोकाला काटकोनात असलेली वलयं दुसऱ्या टोकाला घसरतात. बारीक टोकाखाली पाचर घालून दोन्ही बिंदू एका उंचीवर आणा. तोंडावर मोठी भेग असेल तर पहिला काप तिच्या रेषेतच घ्या, म्हणजे ती चतकोराच्या कडेला जाते आणि फळ्यांच्या मधोमध येत नाही.

खरी चूक यापुढे होते. चतकोराच्या एकाच सपाट बाजूने लागोपाठ फळ्या पाडत जाणं सोपं असतं, आणि पहिली फळी सुंदर निघते. पण पुढच्या फळ्यांची आतली कड बघा. तिथे वलयं आडवी झालेली असतात, म्हणजे फळीचा तो भाग साधाच. एक फळी या बाजूने काढली की चतकोर पलटून पुढची त्या बाजूने काढा. तरीही शेवटच्या फळ्यांत आतल्या कडेला वलयं 45 अंशांपर्यंत येतात. त्या फेकू नका, टेबल-खुर्चीचे पाय करा : वलयं कर्णात असलेल्या चौकोनी पायाच्या चारही बाजू सारख्या सरळ रेषांच्या दिसतात.

मगज एकाही फळीत ठेवू नका. तो फाटणार म्हणजे फाटणार.

वजनाचाही अंदाज असू द्या. 60 सेंमी व्यासाचा, अडीच मीटरचा ओला ओंडका 700 किलोच्या आसपास भरू शकतो, त्याचा चतकोरसुद्धा पावणेदोनशेच्या घरात. पाचर न लावता तो पलटायला जाऊ नये.

जाडी कंजूषपणे धरणे

हे फार जणांच्या लक्षात येत नाही. क्वार्टर सॉन फळी रुंदीत कमी आकसते, पण जाडीत जास्त, कारण वलयांची दिशा आता जाडीत आली आहे. 25 मिमीची तयार फळी हवी असेल तर 30 ते 32 मिमी जाड पाडा.

फळी कडेने वाकली

करवतीतून बाहेर पडताच फळी तलवारीसारखी कडेच्या दिशेने वळली, तर करवतीला दोष देऊ नका. खोडात मगजापासून सालीपर्यंत ताण बदलत जातो, आणि क्वार्टर सॉन फळीच्या रुंदीत तो सगळाच येतो. फळ्या दोन-तीन सेंमी जास्त रुंद ठेवा, सुकल्यावर कड सरळ करा. तीन मीटरची फळी नको असेल तर ओंडकाच आधी आखूड करा. लांबी कमी झाली की बाकही कमी भरतो.

थप्पी

पाया सपाट नसेल तर वरच्या सगळ्या फळ्या तोच वाक घेतात, वर कितीही वजन ठेवा. फळ्यांच्या थरांमध्ये घालायच्या लाकडी पट्ट्या कोरड्या, एकाच जाडीच्या (20-25 मिमी), 40-50 सेंमी अंतरावर आणि बरोबर एकाखाली एक. पहिली आणि शेवटची पट्टी अगदी टोकाला. वर छप्पर, बाजू मोकळ्या, ऊन नको. साल काढून टाका आणि ओल्या फळ्यांवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण मारा, नाहीतर कच्च्या लाकडात भुंगा धरतो.

जाडीच्या दर इंचाला सुकायला एक वर्ष हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. साध्या फळीपेक्षा क्वार्टर सॉन फळी सावकाश सुकते, म्हणून दिवस न मोजता मॉइश्चर मीटर वापरा. मीटर नसेल तर एकच फळी दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की बाहेरच्या हवेत ती जेवढी सुकायची तेवढी सुकली. पण हवेत 80 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड 16 टक्के ओलाव्यावर थांबतं, आणि 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते 9 टक्क्यांपर्यंत उतरतं. हा फरक सांध्यांत उघडतो. काम सुरू करण्याआधी फळ्या काही आठवडे, ज्या प्रकारच्या खोलीत फर्निचर राहणार आहे तशाच खोलीत, पट्ट्यांवर ठेवा, आणि रंधा मारताना दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा.