दोन देशांच्या लोकर उत्पादनाची तुलना करताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की सांगली-विट्याकडची इकॉनॉमिक्सची पोरं प्रोजेक्ट घेऊन माझ्या दारात हजर. विषय ठरलेला, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं लोकर उत्पादन, 1961 पासून आत्तापर्यंत, कारण फाओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) साइटवर आकडे फुकट मिळतात आणि ते तिथनंच सुरू होतात. चुका पण ठरलेल्या. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे कच्ची लोकर आणि धुतलेली लोकर एका कॉलमात घालणं. फाओचा आकडा कच्च्या लोकरीचा, म्हणजे मेंढीच्या अंगावरनं कातरली तशीच, मेण, घाम, माती, कुसळं सगळ्यासकट. धुतली की वजन उतरतं. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो जातीच्या मेंढीचा उतारा, म्हणजे धुतल्यावर उरणारी लोकर, साधारण 65 टक्क्यांच्या आसपास, न्यूझीलंडच्या जाड लोकरीचा त्याच्यापेक्षा बराच जास्त. आपल्याकडं कारखान्याला ऊस किती टन गाळला आणि साखर किती निघाली यातला फरक शेंबड्या पोराला कळतो, मग लोकरीतच का गडबड होते देव जाणे.

एक गडी होता माझ्याकडं, हुशार पण घाईचा. जुनी वर्षं त्यानं फाओची घेतली आणि पुढची कुठल्यातरी रिपोर्टातनं उचलली, ती निघाली धुतलेल्या लोकरीची. ग्राफमध्ये ऑस्ट्रेलिया एकाच वर्षात तिसऱ्या हिश्शानं खाली. यानं कारण काय लिहावं, तर "भीषण दुष्काळ". बाइंडिंग दुसऱ्या दिवशी होतं, रात्री साडेअकराला मी पण वरवर बघून ओके म्हटलं, माझीही चूकच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरनं आलेले सर जत भागातले, घरी मेंढरं असलेले. त्यांनी ग्राफ बघितला, हसले आणि एवढंच विचारलं, "बाळा, घोंगड्याची लोकर धुतल्यावर तेवढीच राहते का रं?" पोरगं गप. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो, चहा गोड लागंना.

तेव्हापासून माझी सवय अशी की शीट उघडली की पहिल्या सेलमध्ये लाल अक्षरात 'कच्ची की धुतलेली?' लिहायचं, उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि सगळ्या वर्षांना एकच 65 टक्के लावून मोकळं व्हायचा शॉर्टकट मारू नका, उतारा जातीप्रमाणं, पावसाप्रमाणं बदलतो. दोन्ही देशांचा एकाच प्रकारचा आकडा शोधा, वेळ लागला तर लागू दे.

दुसरी चूक, निर्यातीला उत्पादन समजणं. ऑस्ट्रेलियात लोकरीला हमीभाव होता, 1988 ला तो किलोला 870 सेंटपर्यंत नेला. भाव पक्का म्हटल्यावर शेतकऱ्यांनी मेंढरं वाढवली, 1990 ला 17 कोटींच्या आसपास, पण गिऱ्हाईक मागं सरकलं. फेब्रुवारी 1991 ला योजनाच बंद पडली आणि गोदामात 47 लाख गाठी पडून. त्या संपायला 2001 उजाडलं. म्हणजे नव्वदच्या दशकात बाहेर गेलेल्या लोकरीत आधी कातरून ठेवलेला मालही होता. निर्यातीचा आकडा घेऊन "उत्पादन टिकून राहिलं" म्हणणारे दरवर्षी दोन तरी भेटतात, आणि हळदीच्या पेवात साठवलेला माल यंदाच्या पिकात धरता का म्हटलं की माझ्याकडंच बघत बसतात.

यातनंच पुढचा घोळ, सुरुवातीचं वर्ष. 1990 पासून सुरू केलं तर ऑस्ट्रेलिया कड्यावरनं पडल्यासारखा दिसणारच, 2010 ला मेंढरं 7 कोटींच्या खाली आली होती. न्यूझीलंडचं शिखर त्याच्या आधीचं, 1982 ला 7 कोटी, मग 1984 नंतर सरकारनं अनुदानं काढली, पुढं कुरणं गाई-म्हशींकडं, चुकलो, गाईंकडंच गेली, आणि आता मेंढरं अडीच कोटींच्या खालीवर. दोघांची शिखरं वेगळी, म्हणून मी तीन वेगळ्या सुरुवातीच्या वर्षांचा आकडा 100 धरून, बाकीची वर्षं त्याच्या प्रमाणात मांडून, तीन ग्राफ काढून बघतो. पोरांना कंटाळा येतो. येऊ दे.

बाकीच्या पटापट सांगतो. ऑस्ट्रेलियाचं लोकरीचं वर्ष जुलै ते जून, ते कॅलेंडर वर्षाशेजारी तसंच चिकटवू नका. मिलियन किलो, टन आणि गाठी, तिन्ही आधी टनात आणा. फाओच्या शीटमधला फ्लॅगचा कॉलम डिलीट करू नका, आकडा सरकारी की अंदाजे ते तिथंच कळतं, आणि सगळे पहिला तोच उडवतात कारण "छान दिसत नाही". सोव्हिएत युनियन घेतला असेल तर 1991 नंतर तो देशच नाही, शेजारी रशिया लावून "घसरण" लिहू नका.

आणि किलोला किलो लावलं म्हणजे तुलना झाली असं नाही. मेरिनोची बारीक लोकर सुटाच्या कापडाला, न्यूझीलंडची बरीचशी जाड, गालिच्याला. आपल्या दख्खनी मेंढीची आणखी खरखरीत, चिंचोक्याची खळ लावून घोंगडं होतं तिचं. मायक्रॉनचा, म्हणजे लोकरीच्या धाग्याच्या जाडीचा, एक कॉलम घाला, नाहीतर जतकडचे सर पुन्हा आले तर मी बाकावर बसणार नाही, सरळ घरी जाणार.