फ्रेममधून बाहेर येणारी सायकल: जिंपमध्ये बसण्याआधीची तयारी

पुढचं चाक फोटोच्या पांढऱ्या चौकटीबाहेर कागदावर टेकलंय आणि मागचं अजून आत आहे, असा देखावा करायला थ्रीडी सॉफ्टवेअर लागत नाही. जिंप (फोटो संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) किंवा फोटोशॉप पुरतं. काम बिघडतं ते बहुतेक वेळा चुकीच्या फोटोमुळे.

फोटोत सायकल तिरकी, कॅमेऱ्याकडे येणारी हवी. पुढचं चाक पूर्ण दिसलं पाहिजे, आणि टायर जमिनीला टेकतो ती जागासुद्धा. चाक कडेला कापलं गेलं असेल तर तो फोटो सोडून द्या. ऊन बाजूने आलेलं असावं. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावलीची दिशाच कळत नाही. ए-४ आकारात ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. छापील चाक ८ सेंमीचं हवं असेल तर मूळ फोटोत ते साधारण ९५० पिक्सेल भरतं का, तेवढं मोजून घ्या. व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून छोटा होऊन येतो.

मग क्षितिजरेषा शोधा. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवून जिथे मिळतात, तिथून आडवी गाइड, म्हणजे छापली न जाणारी मदतीची रेष, टाका (सपाट, सरळ रस्त्यालाच हे लागू). चौकट पर्स्पेक्टिव्ह टूलने तिरकी करताना तिची दूर जाणारी वरची कड या रेषेकडे उतरली पाहिजे आणि खालची चढली पाहिजे. खालची कड उलटी गेली की चाक हवेत तरंगतं, आणि मग माणूस तासभर सावलीशी खेळत बसतो.

लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) खालून वर असे लावा: कागद, आतलं चित्र, चौकट, सावली, कापलेली सायकल. मूळ फोटोची प्रत बाजूला ठेवा, कामाच्या लेयरला अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची माहिती) जोडा आणि खोडरबराऐवजी मास्क वापरा; मास्क भाग पुसत नाही, फक्त झाकतो.

सगळ्यात वेळ खाणारी जागा म्हणजे स्पोक. त्यांच्यामधून जुना रस्ता दिसत राहतो आणि सगळं सोंग तिथेच उघडं पडतं. टायर आणि रिम पाथ टूलने (बिंदू जोडत बाह्यरेषा आखणारं साधन) कापा, आतला भाग पूर्ण मोकळा करा आणि स्पोक पुन्हा आखा: सरळ पाथ, २ पिक्सेलची रेघ, रंग मूळ स्पोकवरूनच उचललेला. एकेक स्पोक कापण्यापेक्षा हे लवकर होतं आणि स्वच्छही दिसतं. कडेला जुन्या पार्श्वभूमीची हिरवट किनार उरली तर मास्क १ पिक्सेल आत घ्या.

सावल्या दोन लागतात. टायरखालची अरुंद, गडद, ५ पिक्सेल ब्लरची. ती टायरला चिकटूनच हवी, मध्ये फट नको. दुसरी लांब पसरणारी, मल्टिप्लाय मोडमध्ये (यात खालचा थर गडद होतो, पण दिसत राहतो), ३०–३५ टक्के अपारदर्शकतेची. चाकापासून लांब जाईल तशी ती धूसर करत न्या. ठार काळा रंग घेऊ नका, फोटोतल्या सावलीचाच उचला. तयार ड्रॉप शॅडो (सॉफ्टवेअर आपोआप देतं ती सावली) इथे नको: तो सायकलला स्टिकर करून टाकतो.

फाइल एक्ससीएफमध्ये (जिंपचा स्वतःचा फॉरमॅट) ठेवा, जेपीजीत लेयर उरत नाहीत. छापायला देण्याआधी चित्र आडवं उलटवून लहान करून बघा. चौकटीचा कल चुकला असेल तर तेव्हा लगेच खटकतो.