फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या चाकातील आवाजाचा दोष कसा शोधावा

पिकअपच्या पुढच्या बाजूने घरघर येऊ लागली की ‘बेअरिंग गेले’ असा निकाल लगेच दिला जातो. तो पुष्कळदा खराही ठरतो; परंतु फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या) गाडीत सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला शक्ती पोहोचवणारा सांधा), पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) आणि त्याला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट हे सारे पुढेच असल्याने केवळ कानावर विश्वास ठेवून सुटा भाग बदलणे महागात पडते. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने वाढतो आणि कशाने थांबतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावी. चाकाचे नट घट्ट आहेत का, ते पाहावे. ऊस वाहतुकीच्या हंगामात शेतातून, किंवा पावसाळ्यात गगनबावड्याकडून आलेल्या गाडीत ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो, किंवा तो पत्रा वाकून डिस्कला घासत असतो. त्याचा कर्कश आवाज ऐकून मालक घाबरतो आणि दुरुस्ती मात्र स्क्रूड्रायव्हरने होते. टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवावा. नक्षी उंचसखल झिजली असेल, तर तिची गुणगुण बेअरिंगसारखीच ऐकू येते. पुढची चाके मागे लावून पाहिली आणि आवाजही मागे गेला, तर दोष टायरचा समजावा.

त्यानंतर रस्त्यावरची चाचणी. पहाटे वाहतूक विरळ असताना कोल्हापूरहून कागलच्या दिशेने महामार्गावर ताशी 40 ते 60 किलोमीटर वेग ठेवून, खिडक्या उघडून ऐकावे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकावी. घाटात हा प्रयोग मुळीच करू नये. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला, तर तो चाकाच्या गतीशी बांधलेला आहे. मग सौम्य वळणे घ्यावीत. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो, म्हणून त्या वेळी घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा. डावीकडे वळताना वाढली तर उजव्यावर. ब्रेक हलका दाबताच आवाज बदलत असेल, तर ब्रेकचे पॅड आणि ते डिस्कवर दाबणारा कॅलिपर आधी तपासावेत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर कण्हणे वाढते आणि सोडल्यावर ते कमी होते, असे असेल तर बेअरिंग सोडून डिफरन्शियलकडे वळावे.

सीव्ही जॉइंटची खूण वेगळी आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना लयीत ‘कट-कट’ येते आणि बहुधा रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेले दिसते. फोर-एचमध्ये (नेहमीच्या वेगाच्या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये) जॉइंटवर ताण येतो, त्यामुळे ही कटकट तेव्हा अधिक स्पष्ट होते. मात्र ही चाचणी मुरूम किंवा मातीच्या रस्त्यावरच करावी. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पार्ट-टाइम (गरजेपुरती जोडायच्या) फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, म्हणून डांबरी रस्त्यावर तीव्र वळण घेतल्यास गाडी अडखळते आणि झटके देते. तो बिघाड नसून रचनेचाच परिणाम आहे, आणि कित्येकदा त्यालाच दोष समजून चांगला जॉइंट उघडला जातो.

आता जॅक. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि उचललेली गाडी स्टँडवर टेकवावी. एकच बाजू किंवा फक्त पुढची चाके अधांतरी असताना फोर-व्हील-ड्राइव्ह टाकून इंजिनाने चाक फिरवू नये. जमिनीवरची चाके गाडीला स्टँडवरून ढकलून देतील. चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले (सैलपणा) जाणवल्यास मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगावे: प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला, राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या सांध्याचा. डावी-उजवीकडे धरून हलवताना येणारा प्ले बहुतेकदा टाय रॉडकडे (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याकडे) बोट दाखवतो. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळते. आवाज चासीतून पसरतो आणि बाजूचा अंदाज चुकतो, त्यामुळे दोन्ही बाजू तपासणे आवश्यक आहे.

2019 किंवा 2021 च्या महापुरात पाण्यात राहिलेली गाडी विकत घेतली असेल, तर डिफरन्शियलचे तेल अवश्य पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे; त्यात चकाकणारे मोठे कण असतील तर गिअर किंवा बेअरिंग झिजले आहे.

अनेक पिकअपमध्ये बेअरिंग हबसकट (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागासकट) एकच भाग म्हणून मिळते. ते वेगळे असेल तर हातोड्याने ठोकून न बसवता शिवाजी उद्यमनगरात प्रेसवर बसवून घ्यावे. नटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच द्यावा. चाकात हाताला जाणवणारा प्ले असेल किंवा घरघरीबरोबर एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागत असेल, तर गाडी घाटात न नेता थेट गॅरेजमध्ये न्यावी.